प्रश्नचिन्हाची भाषा
अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर हे महानुभावांचे तीर्थक्षेत्र. या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीच्या सांकेतिक अक्षरांत जपले. तेथील दुर्बोधता हेतुपुरस्सर होती. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उकलली.

संगणकाची दुर्बोधता मात्र काटकसरीतून आली. युनिक्सवर १९६९ साली घडलेला ‘ईडी’ हा मजकूर-संपादक बहुतेक चुकांना एकच उत्तर देई: ‘?’. टेलिटाइप सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापी, स्मृती तोकडी, आणि वापरणारा जाणकारच असणार हे गृहीत! पुढे यंत्रे वेगवान झाली. त्रोटकपणा मात्र मुरलाच. लिनक्सचा गाभा कोसळला की पडद्यावर हेक्साडेसिमल आकड्यांच्या रांगा उमटत. २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत तोच तपशील क्यूआर कोडमधून दाखवण्याची सोय आली. लिपी पुन्हा सांकेतिकच, पण तिची किल्ली आता कोणत्याही फोनमध्ये आहे.