पदवी आणि भाषा

परभाषेची पदवी घेऊन पुढे करायचे काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. एक उदाहरण पाहू. सॅम्युएल बेकेट १९२७ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून फ्रेंच व इटालियन घेऊन पदवीधर झाला. १९२८ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये त्याला इंग्रजी शिकविण्याची जागा मिळाली. परतल्यावर तो ट्रिनिटीत फ्रेंचचा अध्यापक झाला. पण ती नोकरी त्याने लवकरच सोडली. चाकरी गेली, भाषा मात्र राहिली. मातृभाषा इंग्रजी असूनही ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक त्याने मुळात फ्रेंचमध्येच लिहिले. १९५३ साली ते पॅरिसच्या रंगभूमीवर आले. १९६९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा श्रोतेहो, पदवीचा हिशेब पहिल्या पगारावर मांडू नये. विद्येचे पीक उशिरा येते.