येडशीचे वऱ्हाडी आणि तगरनगरी

लग्नाचा मांडव उतरला आहे, परतीच्या गाडीस मात्र अजून दीड दिवस अवकाश आहे, अशा वेळीं ओसरीवर बसलेला वऱ्हाडी पाहुणा यजमानास एक प्रश्न हमखास विचारतो: "आपल्या या बाजूला पाहण्यासारखें काय आहे?" येडशीस अशाच एका लग्नास आम्ही गेलों असतां हा प्रश्न आमच्या समोरच निघाला. यजमान मोठे भले गृहस्थ. पंगतींत आग्रह करकरून वाढणारे. परंतु या प्रश्नानें ते ओशाळले. "रामलिंग आहे. बाकी आमच्या खेड्यांत काय असणार? पाहावयाचें तें राजधानींत, मुंबईस," असें म्हणून त्यांनीं पानसुपारीचें तबक पुढें केलें.

या उत्तराचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. या भागानें राजधानी नेहमी दूरच पाहिली आहे. १९५६ पर्यंत ती हैदराबादेस होती. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून महाराष्ट्राची राजधानी म्हणून मुंबईच राहिली. राजधानी म्हणजे अर्ज घेऊन जावयाचें ठिकाण, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या दृढ झाली. परंतु कोंकणांत व कोल्हापुरास राज्य करणारे राजे ज्या नगरीचें नांव आपल्या बिरुदांत अभिमानानें मिरवीत, ती नगरी येडशीहून अर्ध्या दिवसांत पाहून परत येतां येईल इतकी जवळ आहे, हें यजमानांस कोणीं सांगितलेंच नव्हतें. तेव्हां त्यांच्या पाहुण्यांस आम्हीं जें सुचविलें, तेंच येथें थोडें विस्तारानें मांडीत आहों.

प्रारंभ अर्थातच रामलिंगापासून करावा. बालाघाटाच्या डोंगररांगेंत, झाडीनें भरलेल्या दरींत हें शिवालय आहे. सीतेस घेऊन जाणाऱ्या रावणास जटायूनें येथेंच अडविलें, असें गांवकरी सांगतात आणि जटायूची समाधिही दाखवितात. पावसाळ्यांत दरींतून पाणी उड्या घेत येतें. माकडें मात्र बारा महिने यात्रेकरूंच्या प्रसादावर डोळा ठेवून असतात. १९९७ सालीं सुमारें २२ चौरस किलोमीटरांचें हें रान अभयारण्य म्हणून राखीव झालें. उघड्या माळरानाच्या या मुलुखांत एवढी सावली दुर्मिळच. सकाळ येथें घालवावी आणि उन्हें चढण्यापूर्वीं पूर्वेची वाट धरावी.

या वाटेनें पूर्वीं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी जात असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनें काढलेली ही गाडी १८९७ सालीं बार्शीपर्यंत आली व पुढें वाढत वाढत १९११ सालीं लातुरास पोंचली. आतां तेथें रुंद रूळ पडले आहेत. वाटेंत कसबे तडवळें लागतें. फेब्रुवारी १९४१ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथें महार-मांग वतनदारांच्या परिषदेस आले होते. त्या वेळीं हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या आगमनाचें मोल कळतें. पाहुण्यानें येथें क्षणभर थांबावें, मग तेर.

तेरणा नदीच्या कांठीं वसलेलें तेर आज एक मोठेंसें खेडें आहे. कोट नाहीं, बुरूज नाहीं, राजवाड्याचा मागमूसही नाहीं. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनाम ग्रीक व्यापाऱ्यानें 'पेरिप्लस' या नांवानें जें समुद्रवाटांचें टिपण लिहून ठेवलें, त्यांत भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नांवाची फार मोठी नगरी असल्याचें म्हटलें आहे. तगराहून साधें कापड, नाना तऱ्हेची मलमल व इतर जिन्नस गाड्यांत भरून, मोठमोठे बिनरस्त्याचे प्रदेश ओलांडून भडोच बंदरांत येत, असेंही तो सांगतो.

हें तगर कोठलें, यावर विद्वानांचा मोठा खल झाला. कोणी देवगिरीकडे बोट दाखविलें, कोणी जुन्नराकडे, तर डॉ. भांडारकरांसारख्यांनीं धारूरचा तर्क केला. अखेर १९०१ सालीं डॉ. फ्लीट यांनीं तें तेरच होय असें साधार दाखविलें; पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनीं येथील टेंकाडें व मंदिरें पाहून त्यास पुष्टि दिली. पुढें १९५८ सालीं बा. ना. चापेकर यांच्या उत्खननानें सातवाहनकालीन वस्तीचे थर उजेडांत आणले. विद्वान ज्या नगरीस शंभर वर्षें चहूंकडे शोधीत होते, तिच्या विटा गांवकरी आपल्या भिंतींत बसवीत होते!

आतां तगर राजधानी होतें काय? शिलाहार राजे तें आपलें मूळ नगर मानीत. उत्तर कोंकणच्या व कोल्हापूरच्या शिलाहारांच्या लेखांत 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, अशा अर्थाचीं बिरुदें येतात. ठाण्याच्या किल्ल्यांत १७८७ सालीं सांपडलेला, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ चा अरिकेसरीचा ताम्रपट याच परंपरेंतला. हे राजे राज्य करीत होते समुद्रकांठीं किंवा पंचगंगेच्या तीरीं. पण नांव सांगत तेरणेच्या कांठचें. आम्हांस यांत लग्नघरचीच एक रीत दिसते. बोहल्यावर उभा असलेला मुलगा पुण्याचा असो कीं नागपूरचा, वडीलधारीं माणसें "आपलें मूळ गांव कोणतें?" असें विचारतातच, आणि ज्यानें तें गांव उभ्या जन्मांत पाहिलेलें नसतें, तोही अभिमानानें त्याचें नांव सांगतो. शिलाहारांचा पूर्वज तगराच्या गादीवर खरोखर बसला होता कीं नाहीं, याचा निवाडा त्या बिरुदानें होत नाहीं. पण तीनशें वर्षें राजांनीं ज्या गांवाचें नांव लाविलें, तें गांव मूळ गांव म्हणवून घेण्याच्या योग्यतेचें खास होतें, एवढें त्यावरून ठरतें.

म्हणूनच राजवाडा पाहावयाच्या हेतूनें येणाऱ्याची येथें निराशा होईल; नगरी पाहावयाच्या हेतूनें येणाऱ्याची होणार नाहीं. त्यानें प्रथम त्रिविक्रमाचें देऊळ पाहावें. विटांचें हें देऊळ मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असून त्याचें छप्पर हत्तीच्या पाठीसारखें आहे. कार्ले-भाज्याच्या डोंगरांत कोरलेलीं चैत्यगृहें ज्यानें पाहिलीं आहेत, त्याला ही आकृति ओळखीची वाटेल. फरक इतकाच कीं, तेथें डोंगर पोखरला आहे आणि येथें वीट वीट रचून वर नेली आहे. असें बांधीव व अद्याप उभें देऊळ भारतांत फार विरळा. आंध्रांतील चेझर्ल्याचें कपोतेश्वराचें देऊळ हें त्याचें दुसरें प्रसिद्ध भावंड. मूळचें हें बौद्ध चैत्यगृह, असें कझिन्स यांनीं मांडलें. तें प्रथमपासूनच हिंदु देवालय असावें, असेंही पुढें कांहीं अभ्यासकांनीं म्हटलें. वाद कसाही सुटो. आंत आज त्रिविक्रमाची पूजा चालते आणि विटा जागच्या जागीं आहेत. तसेंच उत्तरेश्वराचें देऊळही विटांचें; त्याची कोरीव लांकडी द्वारचौकट काळाच्या तडाख्यांतून वांचली, हें एक आश्चर्यच.

ही चौकट आतां गांवांतील संग्रहालयांत आहे, आणि त्या संग्रहालयाची कथा सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं नांगराच्या फाळास लागलेले, पावसानें टेंकाडांतून धुवून आलेले, पोरांनीं खेळावयास नेलेले मणी, नाणीं, मुद्रा, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आयुष्यभर वेंचल्या. पुढें हा संग्रह सरकारकडे आला व त्यांच्याच नांवानें संग्रहालय झालें. त्यांतील एका लहानशा हस्तिदंती स्त्रीमूर्तीपुढें पाहुण्यानें अवश्य थांबावें. इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या इटलींतील पाँपेई नगरांत अशाच घडणीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली आहे. रोमच्या बाजारपेठांपर्यंत या मुलुखाचे हात कसे पोंचले होते, तें सांगण्यास दुसरा पुरावा नको.

मातीची ही नगरी आणि तिचा सर्वांत थोर पुरुषही मातीचेंच काम करणारा! गोरोबाकाका कुंभार येथलेच. त्यांच्या घरीं संतमेळा पाहुणा आला असतां मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनीं थापटीनें एकेकाचें डोकें ठोकून पाहिलें व नामदेवाचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या अपमानानेंच नामदेव विसोबा खेचरांकडे जाऊन पोंचले. पाहुण्यास गोड बोलून वाटेस लावणें सोपें. त्याला पक्का करून पाठविणें हें खरें आतिथ्य.

दिवस उरला तर परततांना धाराशिवचीं लेणीं पाहावीं. १९३४ सालीं हिरालाल जैन यांनीं संपादून प्रसिद्ध केलेल्या कनकामर मुनीच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यांत एक मनोरम प्रसंग आहे. दक्षिणेच्या स्वारीवर निघालेला करकंड राजा तेरापुराजवळ तळ देतो. तेव्हां तेथील राजा त्यास भेटून जवळच्या डोंगरांतील लेण्याची वार्ता सांगतो, आणि करकंड तें पाहावयास जातो. म्हणजे सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या या काव्यांतील यजमानास 'पाहण्यासारखें काय आहे' याचें उत्तर ठाऊक होतें. आमच्या येडशीच्या यजमानास तें ठाऊक नव्हतें. मधल्या काळांत नगरी हरवली ती मातीखालीं नव्हे, तर लोकांच्या बोलण्यांतून.

एक विनंति शेवटीं केल्यावांचून राहवत नाहीं. तेरच्या टेंकाडांवर पावसानंतर खापरें व मणी उघडे पडतात. पाहुण्याचा हात सहज खालीं जातो. "आठवण म्हणून एक नेतों," असें तो म्हणतो. दहा वऱ्हाडांतील दहा पाहुणे असें म्हणतील, तर लामतुऱ्यांनीं जन्मभर जें वेंचलें तें आपण खिशाखिशांतून विखरून टाकूं. ज्या थरांत तो मणी होता, तो थर कोणी विचारपूर्वक उकलण्यापूर्वींच मुका होईल. लग्नघरचें तांब्याभांडें कोणी आठवण म्हणून पिशवींत टाकीत नाहीं. तोच विवेक येथेंही हवा.

आमच्या सांगण्यावरून त्या दिवशीं सातआठ मंडळी तेरला निघाली. यजमानही शेवटच्या क्षणीं चपला घालून जीपमध्यें चढले. उभ्या जन्मांत ते तेरला फक्त गोरोबांच्या यात्रेस गेले होते. संध्याकाळीं परतल्यावर ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग, दुसऱ्या दिवशींच्या गाडीनें येणाऱ्या व्याह्यांस काय दाखवावयाचें याची चर्चा निघाली, तेव्हां ते आपण होऊन म्हणाले, "सकाळीं रामलिंग. मग मी त्यांना तगरास नेतों."