परसातला इतिहास

दिवाळी चार दिवसांवर आली म्हणजे शहाद्याच्या बाजारात झेंडूच्या राशी पडतात. त्यातली शेरभर फुले घेऊन आपण दाराला तोरण बांधतो. हे फूल आपले नव्हे, असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. परंतु गोष्ट खरी आहे. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. ज्या मिरचीवर नंदुरबारची बाजारपेठ उभी आहे, ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. आमच्या शिवारातली पपईही तिकडचीच. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. लढाया आणि तह मुलांकडून पाठ करून घेतले. पण इतिहास माझ्याच घरामागे उगवत होता, हे मला कधी सुचले नाही. ते सुचले साता समुद्रांपलीकडे, दुसऱ्याच्या वाफ्याच्या कडेला उभे असताना.

आमच्या जुन्या घराला परस होता. मोरीचे पाणी वाहत जाई, त्यावर अळू आणि दोन केळी. कुडावर गिलक्याचा वेल, त्याच्याशेजारी वालपापडी. मग हिरवी वांगी, मिरची, कोथिंबीर, कोपऱ्यात शेवगा आणि मधे तुळशीवृंदावन. भाजीच्या मधूनच आई झेंडू आणि गुलबक्षी लावी. जागा ती केवढी! पण बाराही महिने त्यातून काही ना काही निघे, आणि निघालेले अर्धे शेजारी जाई. आई गेल्यावर आम्ही भावांनी परसात फरशी घातली आणि भाड्याच्या दोन खोल्या काढल्या. उरलेल्या फरशीवर दुचाक्या उभ्या राहू लागल्या. आम्हाला तेव्हा ती प्रगतीच वाटली.

गेल्या वर्षी मुलीकडे हॉलंडात, हेग शहरी, दोन महिने राहण्याचा योग आला. तिने गावाच्या कडेला जमिनीचा एक तुकडा वर्षाच्या भाड्याने घेतला आहे. अशा तुकड्यांच्या वसाहतीला तिकडे ‘फोल्क्सटाउन’ म्हणतात. फोल्क म्हणजे लोक आणि टाउन म्हणजे बाग, थोडक्यात लोकबाग. पहिल्याच दिवशी मी थक्क झालो. एका तुकड्यात बटाटे आणि कांदे शिस्तीत उभे, तर लगतच्या तुकड्यात नुसते डेलिया आणि सूर्यफुले. पलीकडे काठ्यांवर चढलेल्या शेंगा, लाल बीट, स्ट्रॉबेरी. दोन तुकडे सारखे म्हणून दिसेनात. आणि कित्येक ठिकाणी भाजीच्या ओळींमधून आपला झेंडू! जमिनीतले सूक्ष्म कृमी तो कमी करतो म्हणून ते लोक मुद्दाम लावतात. त्याला ते नाव देतात ‘आफ्रिकांत्ये’, म्हणजे चिमुकला आफ्रिकन. मेक्सिकोच्या फुलाला तिकडे आफ्रिकेचे नाव पडले आणि इकडे ते आपल्या देवघरातले झाले.

या बागा हौसेतून निघाल्या असतील, असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांमागे गावात आलेल्या गरीब कामकऱ्यांना बटाटे पिकवता यावेत म्हणून परोपकारी मंडळींनी हे तुकडे वाटले. मजूर दारूच्या गुत्त्याऐवजी मळ्यात रमावा, हाही त्यांचा हेतू होता. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई पडली. 1917 च्या जुलैत ॲमस्टरडॅममध्ये बटाट्यांवरून दंगल झाली. त्याच वर्षी तिथल्या बागकऱ्यांनी आपला संघ स्थापला आणि 1928 साली साऱ्या देशाचा संघ उभा राहिला. पुढे 1944-45 चा हिवाळा आला. जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम हॉलंडात धान्य पोचेना. सुमारे वीस हजार माणसे दगावली आणि लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. ज्या फुलाच्या कंदांवर सतराव्या शतकात तेथे सट्टा खेळला गेला, तेच फूल अखेर पोटात गेले! पोटाची चिंता मिटल्यावरच या बागांत फुलांची गर्दी झाली.

मुलीच्या शेजारचा तुकडा एका वृद्ध गृहस्थांचा. त्यांच्या लहानशा काचघरात कारली लोंबत होती. मी हिंदुस्थानातला म्हणताच ते भोजपुरीच्या वळणाची हिंदी बोलू लागले. त्यांचे पणजोबा बिहारातून करारबद्ध मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत गेले होते. अशा मजुरांचे पहिले जहाज, ‘लाला रुख’, 1873 साली तेथे पोचले. 1975 साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास हजारो कुटुंबे हॉलंडात आली. गंगेकाठ सोडून चार पिढ्या झाल्या, पण कारले सुटले नाही. “भैया, ज़मीन छूट गई, स्वाद नहीं छूटा,” असे म्हणून त्यांनी चार कारली माझ्या पिशवीत घातली.

या बागांत प्रत्येकाने आपल्या मर्जीचे लावावे. पण सामाईक वाटा आणि कुंपणे राखण्यासाठी सर्वांनी ठरलेले तास राबावे, असा नियम असतो. मला आमच्या खानदेशातली फड पद्धत आठवली. पांझरेच्या बंधाऱ्यांखाली शेतकऱ्यांनी शतकानुशतके सामाईक पाणी वाटून घेतले. पाटकऱ्याने पाटावर लक्ष ठेवावे, जागल्याने पिकावर. फडात मालक अनेक आणि पीक एक. लोकबागेत मालकी कोणाचीच नाही आणि पिके अनेक. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच शहाणपण आहे: शेजाऱ्याशिवाय जमीन पिकत नाही.

हॉलंडचा आणि आमच्या नदीचा संबंध तर त्याहून जुना. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने मलबारातल्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ, ‘हॉर्टस मलबारिकस’, सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांची 1675 सालची नागरी लिपीतली साक्ष आहे. हा व्हान रीड 1691 साली समुद्रावर वारला आणि त्याला पुरले ते सुरतेला. आमच्या शहाद्याची गोमाई प्रकाशाला तापीला मिळते आणि तापी सुरतेला जाते. ज्या पाण्यावर आईचे अळू वाढले, तेच पाणी पुढे आपल्या झाडांची नोंद करणाऱ्या या परदेशी माणसाच्या गावाला जात होते.

परत आलो तेव्हा गावाबाहेर ऊस, केळी आणि पपई यांची हिरवी रांग नजर पोचेल तिथवर उभी होती. त्या पिकांनी तालुक्यात पैसा आणला, हे नाकारून चालणार नाही. पण कुपोषणाच्या बातम्यांत आमच्याच जिल्ह्याचे नाव पुन्हा पुन्हा येते. मोठे शेत बाजारासाठी पिकते. ताटात पालेभाजी येते ती बहुधा दाराशी लावलेल्या वाफ्यातून. शाळाशाळांतून आता मुलांच्या आहारासाठी परसबागा करवून घेतात, ते काही उगीच नव्हे.

मी धाकट्या भावाला म्हटले, “मागची फरशी उखडू या.” तो हसला. “दादा, दुचाक्या कुठं लावायच्या?” बरीच बोलाचाली झाली. अखेर खोल्या राहिल्या, निम्मी फरशी निघाली. खालची माती पांढरी पडली होती. दोन गाड्या शेणखत घातले.

बी कुठून आणावे हा प्रश्न होता. दुकानातली पाकिटे होती, पण आईच्या गिलक्याचे बी आम्ही केव्हाच गमावले होते. गल्लीच्या टोकाच्या काकूंना सहज विचारले. त्या आत गेल्या आणि वाळलेले एक गिलके घेऊन आल्या. हलवले तर आत बिया वाजल्या.

“तुझ्या आईनं दिलेलं हे बी. मी दर वर्षी लावते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही भाऊ कधी मागायला आला नाहीत.”

ज्येष्ठात बी टोकले. आज वेल कुडावर चढला आहे, आणि तोरणाचा झेंडू यंदा घरचाच आहे. पहिले गिलके काकूंकडे पोचवले आहे.