खळ्यावरचा इतिहास

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सेनापति म्हणून ख्याति सर्वश्रुत आहे. परंतु ते हाडाचे शेतकरी होते. व्हर्जिनियांत पोटोमॅक नदीच्या कांठीं माउंट व्हर्नन येथें त्यांची सुमारें ८,००० एकर जमीन होती. तंबाखूनें जमिनीचा कस जातो हें ओळखून ते गव्हाकडे वळले. उघड्या खळ्यावर दाणा मातींत मिसळे, पावसानें नासे; म्हणून १७९२ मध्यें त्यांनीं सोळा बाजूंच्या दुमजली मळणीघराचा नकाशा स्वतः काढला. वरच्या मजल्यावर घोडे गोल फिरत. फळ्यांच्या फटींतून दाणे खालीं पडत आणि पेंढा वर राही.

मालकाच्या पश्चात् ही वास्तु मोडकळीस आली. तेव्हां ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनीं स्त्रियांचें मंडळ स्थापिलें. १८५८ मध्यें त्या मंडळानें दोन लक्ष डॉलरांस वाडा व भोंवतालची २०० एकर जमीन घेण्याचा करार केला. नामशेष झालेलें मळणीघर मात्र १९९६ मध्यें, मूळ जागा सोडून नदीकांठच्या शेतांत, जुन्या नकाशावरून पुन्हां उभें राहिलें. तेथें प्रेक्षकांस घोड्यांची मळणी दाखवितात.

पण पूर्वीं ते घोडे हांकीत कोण? १७९९ मध्यें वॉशिंग्टन वारले, तेव्हां त्या भूमीवर ३१७ गुलाम होते. पैकीं १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे; त्यांच्या मुक्ततेची तरतूद मृत्युपत्रांत होती, इतरांच्या नव्हती. २००७ मध्यें त्याच शेतांत गुलामांची एक झोंपडीही उभारण्यांत आली. ती राहून गेली असती, तर इतिहासाचा दाणा सांडून पेंढा तेवढा हातीं उरला असता.