गौरीबिदनूरची भूकंपमापक-मालिका : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

दूरच्या भूकंपाचे तरंग ओळखणाऱ्या 'ॲरे' अर्थात भूकंपमापक-मालिकेचे मूळ शास्त्रीय जिज्ञासेपेक्षा शीतयुद्धातील अविश्वासात अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भूगर्भातील अणुस्फोट हजारो किलोमीटरांवरून ओळखता येईल काय, हा प्रश्न १९५८ च्या जिनिव्हा तज्ज्ञ परिषदेपुढे होता. प्रत्येक निरीक्षण केंद्रावर एक नव्हे, तर सुमारे १० भूकंपमापक असावेत, असे परिषदेने सुचविले. पुढे स्थळतपासणीबाबत एकमत न झाल्याने १९६३ च्या मॉस्को करारातून भूगर्भीय चाचण्या वगळल्या गेल्या. त्यांची चाहूल दुरूनच घेणे भाग होते. ब्रिटिश अणुऊर्जा प्राधिकरणाच्या पुढाकाराने स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर, कॅनडातील यलोनाइफ आणि ऑस्ट्रेलियातील वारामुंगा येथे मालिका उभ्या राहिल्या. त्याच पठडीतील मालिका १९६५ मध्ये ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा प्रतिष्ठानाच्या (आजचे भाभा अणुसंशोधन केंद्र) सहकार्याने तत्कालीन म्हैसूर राज्यातील गौरीबिदनूर येथे साकारली.

येथे 'एल' आकाराच्या दोन भुजांवर २० भूकंपमापक बसविण्यात आले. प्रत्येक भुजा सुमारे २५ किलोमीटर लांबीची. दूरचा प्राथमिक तरंग जवळजवळ खालून वर येतो. त्यामुळे भूपृष्ठावरील त्याचा भासमान वेग सेकंदाला १२ किलोमीटरांहून अधिक भरतो आणि भुजेच्या दोन टोकांवरील आगमनात फार तर दोन सेकंदांचे अंतर पडते. हा विलंब भरून काढून नोंदींची बेरीज केली, की तरंग २० पट होतो. मात्र वारा, वाहने, समुद्र यांचा विस्कळीत गोंगाट सुमारे साडेचार पटच वाढतो. बर्टिल व व्हाइटवे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन्ही भुजांच्या बेरजांचा गुणाकार करून त्याची काल-सरासरी काढली जाते. दोहोंत सामाईक असलेला तरंगच ठळक उरतो. (रेडिओ खगोलशास्त्रातील 'मिल्स क्रॉस' दुर्बिणीचे तत्त्व हेच. पुढे गौरीबिदनूरलाच 'टी' आकाराची रेडिओ दुर्बीणही उभी राहिली, हा योगायोग मौजेचा.)

विलंबांवरून दिशा कळते, भासमान वेगावरून अंतर. अधिक मोलाचा पुरावा मात्र खोलीचा. भूकंपनाभीतून आधी वर जाऊन भूपृष्ठावरून परावर्तित झालेला क्षीण तरंग मालिकेत उठून दिसला, तर मूळ तरंगामागून तो किती सेकंदांनी आला यावरून खोली काढता येते. कित्येक किलोमीटर खोलवरची घटना अणुस्फोट असू शकत नाही.

१९९६ च्या सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराच्या आंतरराष्ट्रीय निरीक्षण जाळ्यात यलोनाइफ व वारामुंगा प्रमुख, तर एस्कडेलम्यूर साहाय्यक केंद्र ठरले. भारताने करारावर स्वाक्षरी केली नाही. गौरीबिदनूर त्या जाळ्याबाहेर राहिले.