मांडवीचा काठ आणि पणजीची घडण

नगराचा नदीकाठ जितका निसर्गाने घडविलेला असतो, तितकाच तो दळणवळणाच्या निवडीनेही घडतो. मांडवीच्या दक्षिण तीरावरील पणजी हे याचे बोलके उदाहरण होय.

जुने गोवे राजधानी असताना, १६३३-३४ मध्ये, व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या कारकिर्दीत दलदल व मिठागरे यांमधून रायबंदर आणि पणजी यांस जोडणारा सुमारे ३ किलोमीटर लांबीचा सेतू बांधण्यात आला. पणजीच्या भावी उत्कर्षाची पूर्वतयारी त्यानेच केली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयचे निवासस्थान तेथील आदिलशाही वाड्यात आले. १८२७ ते १८३५ या काळात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने सखल भाग भरून रस्ते आखले, आणि १८४३ मध्ये ‘नवे गोवे’ या नावाने पणजीस राजधानीचा दर्जा मिळाला. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात लोहमार्ग आला, तो मुरगाव बंदराकडे. पणजी त्यापासून दूर राहिली. यामुळे अवजड व्यापाराची गोदी तिच्या काठी उभी राहिली नाही. गलबते, होड्या व मुंबईच्या आगबोटी यांचा धक्का मात्र गजबजलेला राहिला. वाड्याचे तोंडही नदीकडेच होते. नगरात प्रवेश करावयाचा तो पाण्यावरून, हीच तेव्हाची रीत होती.

१९६१ मधील मुक्तीनंतर ही रीत पालटली. बेतीकडे जाणाऱ्या फेरीबोटीऐवजी १९७० पासून मांडवीवरील पूल बार्देशचा मुख्य मार्ग झाला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला, तेव्हा वाहतुकीचा भार पुन्हा फेरीबोटींवर पडला. जलमार्ग कालबाह्य झाला नव्हता, केवळ दुर्लक्षित झाला होता, हे या आपत्तीने दाखविले. तथापि त्यानंतरचा भर नव्या पुलांवरच राहिला. २०१९ मध्ये तारांनी तोललेला अटल सेतूही खुला झाला.

पुलांचा सर्वांत दूरगामी परिणाम वाहतुकीपलीकडचा आहे. २००० मध्ये विधानसभा आदिलशाही वाडा सोडून पैलतीरावर पर्वरीस गेली. राजधानी नावाने पणजीत राहिली, विधिमंडळाचे कामकाज मात्र नदी ओलांडून गेले. दरम्यान, ज्या पाण्यातून नगराचे प्रवासी येत, तेथे एकविसाव्या शतकात जुगारगृहांच्या नौका नांगरल्या गेल्या, आणि त्यांविरुद्ध नागरिकांची आंदोलनेही झाली.

या वादाकडे केवळ नीतीच्या दृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. रोजच्या ये-जा करणाऱ्याची वाट पुलावरून गेली, तेव्हा काठावरील त्याचा नित्याचा वावर घटला. आणि नित्य वावर घटलेल्या जागेवर दुसऱ्याचा हक्क सांगणे सोपे होते. पणजीच्या काठाचा प्रश्न म्हणूनच प्रथम दळणवळणाचा आहे. फेरीबोट, पदपथ आणि धक्का यांना नियोजनात कोणते स्थान मिळते, यावर तो काठ कोणाचा हे ठरेल.