अर्ध्या तासाचा नियम

आधी कोल्हापुरात उतरा. पहाटेची वेळ, तालमीत कंदिलाचा उजेड. हौद्यातली लाल माती नुकतीच खोऱ्याने वरखाली केलेली. तिच्यात मुरलेल्या तेलाचा, ताकाचा, हळदीचा, लिंबाचा वास नाकात शिरतो. समोर जोर मारणारा गडी उंचीने बेताचा, मानेने बैलासारखा. खाशाबा दादासाहेब जाधव, मुक्काम गोळेश्वर, तालुका कराड. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. वस्ताद ओरडतात, गडी गपगुमान पुन्हा जोडीला भिडतो.

इथे गुण मोजत नाहीत, घड्याळही बघत नाहीत. पाठ लागली की कुस्ती संपली. 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये हाच पैलवान मॅटवर उतरला आणि सहावा आला. पाय रोवायला माती नाही, पंच गुणांचा हिशेब ठेवतात, वर घड्याळ पळतंय. ही वेगळीच विद्या होती.

पुढच्या ऑलिंपिकला जायचं तर पैसा हवा. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे करतात. गावाकडची माणसंही आपापल्या परीने हातभार लावतात. (असा प्राचार्य आज कुठल्या कॉलेजात सापडेल, ते मला विचारू नका.)

आता हेलसिंकी, जुलै 1952. मेसुहाल्लीच्या सभागृहात तुम्ही मॅटच्या कडेला टॉवेल धरून उभे आहात. बॅंटमवेट, फ्रीस्टाइल, 57 किलो. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे गडी मागे टाकलेत. समोर जपानचा शोहाची इशी. लढत लांबत जाते, ताकद जणू थेंबाथेंबाने गळते आणि कुस्ती गुणांवर जाते. इशी जिंकतो. खाशाबा बाहेर येतात. छाती भात्यासारखी हलते आहे, हात कोपरातून थरथरताहेत. तुम्ही टॉवेल पुढे करता.

तेवढ्यात पुकारा होतो. सोव्हिएतचा रशीद ममेदबेकोव, लगेच.

दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम आहे. तुम्हाला तो ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. पण तुमचा आवाज इथे पोचत नाही, आणि पंचांच्या टेबलापाशी जाऊन नियमावर बोट ठेवायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नाही. कराडकडे ही गोष्ट आजही अशीच सांगतात, आणि सांगणाऱ्याचा आवाज इथेच चढतो. थकलेला गडी परत मॅटवर जातो आणि हरतो.

इशीला सुवर्ण, ममेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख 23 जुलै. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरचेच केशव माणगावे त्याच ऑलिंपिकमध्ये फेदरवेटला चौथे आले. त्यांचं नाव तर आपण पार विसरलो. कांस्याचं कौतुक झालंच पाहिजे, पण त्या कौतुकाखाली तो अर्धा तास दडपला जातो, हे मला खटकतं. तिथे ताकद कमी पडली नव्हती, कमी पडलं होतं बाजूने बोलणारं माणूस.

आता गोळेश्वरच्या वेशीवर या. धूळ, हलगी, गुलाल आणि 151 बैलगाड्या. महादेवाच्या देवळापर्यंतची पंधरा मिनिटांची वाट, मिरवणुकीला सात तास लागतात. खाशाबा अवघडल्यासारखे हसतात. तुम्हीही एका गाडीच्या साटीला धरून चालत राहा. एवढा आनंद त्यांच्या वाट्याला पुन्हा येणार नाही.

पुढची वर्षं भराभर उलटतात. 1955 मध्ये पोलिसात सब-इन्स्पेक्टर. 27 वर्षांची नोकरी. सहायक पोलिस आयुक्तपद मिळतं ते निवृत्ती तोंडावर आल्यावर. मग पेन्शनसाठी झगडा. इथेही टेबलाशी त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी दिसत नाही. गावातल्या घराचं नाव मात्र त्यांनी ‘ऑलिंपिक निवास’ ठेवलंय.

14 ऑगस्ट 1984. रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा जातात. लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक दोनच दिवसांपूर्वी संपलंय; भारताच्या हाती तिथून एकही पदक लागलेलं नाही. त्यांच्यानंतरचं भारताचं वैयक्तिक पदक, टेनिसपटू लिअँडर पेसचं, यायला अजून 12 वर्षं आहेत. अर्जुन पुरस्कार खाशाबांना मिळतो, तोही मरणोत्तर.